बिल्ल्यावरचे घुबड: नाशिकच्या मुख्याध्यापकांना एका पालकाचे खुले पत्र

प्रति,
मा. मुख्याध्यापक, पर्यवेक्षक व शालेय समुपदेशक,
नाशिक शहर व परिसरातील सर्व माध्यमांच्या शाळा.

विषय: विद्यार्थ्यांचे स्वभावगट प्राण्यांच्या व पक्ष्यांच्या नावांनी ठरवून देण्याच्या उपक्रमाबाबत.

महोदय / महोदया,

गेल्या जून महिन्यात, शाळा उघडल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात, सहावीत शिकणारी आमची मुलगी गणवेशाच्या खिशावर एक नवा बिल्ला लावून घरी आली. लॅमिनेट केलेला गोल कागद, मागे सेफ्टी पिन, पुढे करड्या अंगाचे, पांढऱ्या ठिपक्यांचे, वाटोळ्या डोळ्यांचे एक घुबड आणि खाली तीन शब्द: विचारी, शिस्तप्रिय, अबोल. वर्गातल्या प्रत्येकाला असा एकेक बिल्ला मिळाला होता. कोणाला गरुड, कोणाला मोर, कोणाला पारवा. शाळेने वीस प्रश्नांची एक प्रश्नावली वर्गात भरून घेतली होती, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय होते, आणि ज्या पक्ष्याचे पर्याय सर्वांत जास्त निघाले तो पक्षी त्या मुलाच्या नावापुढे लिहिला गेला होता. ती दाराशी बूट काढत असतानाच तिच्या आजीची नजर बिल्ल्यावर गेली. आजीचे माहेर सिन्नर तालुक्यातले. "हे अवलक्षण कुणी लावलं पोरीच्या छातीवर?" एवढेच त्या म्हणाल्या, बिल्ला काढून घेतला आणि देवघराखालच्या खणात, बंद पडलेल्या घड्याळांशेजारी ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा शोधून लावावा लागला, कारण बिल्ल्याविना आलेल्या मुलांची नावे फळ्यावर लिहिली जात होती.

शाळेचे नाव मी लिहिणार नाही, कारण माझी तक्रार एका शाळेपुरती नाही. सिडको आणि नाशिकरोड भागातल्या नातेवाइकांकडे व मित्रांकडे चौकशी केली तेव्हा कळले की त्यांच्याही मुलांच्या शाळांत असाच काही उपक्रम झाला आहे; कोठे चार पक्षी, कोठे सिंह आणि पाणमांजर, कोठे नुसतेच ससा आणि कासव. उपक्रम करणाऱ्या शिक्षकांचा हेतू वाईट आहे असे मला एका क्षणासाठीही वाटलेले नाही. पन्नास-साठ मुलांचा वर्ग जूनमध्ये हातात येतो, दिवाळीपर्यंत नावे आणि चेहरे यांची सांगड बसते न बसते, अशा वेळी प्रत्येक मूल चटकन ओळखण्याची एखादी युक्ती कोणी दाखवली तर ती कोणालाही हवीशीच वाटेल. शिवाय तो तास मुलांना आवडला होता, हेही सांगितले पाहिजे. आमच्या मुलीने त्या संध्याकाळी स्वतःबद्दल जितके सांगितले तितके एरवी ती महिनाभरात सांगत नाही.

मी मानसशास्त्राचा जाणकार नाही. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गेली एकोणीस वर्षे मी गुणवत्ता तपासणी विभागात काम करतो. मोजणे हाच माझा धंदा आहे, आणि या पत्रात मी जे लिहिणार आहे ते प्रामुख्याने मोजण्याविषयीच आहे.

पण त्याआधी ही पक्ष्यांची चौकडी आली कोठून, हे पाहायला मी दोन-तीन रविवार घालवले, त्याचा थोडा हिशेब देतो. मुळाशी ग्रीक वैद्यकातले चार रस आहेत: रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या गेलन या वैद्याच्या नावाशी या रसांवरून माणसाचा स्वभाव सांगण्याची परंपरा जोडलेली आहे. रस गेले, चार हा आकडा राहिला. १९२८ मध्ये विल्यम मार्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या वागण्याची चार अंगे मांडली. हाच गृहस्थ रक्तदाबावरून खोटे पकडण्याच्या प्रयोगांसाठी आणि पुढे चित्रकथांमधल्या एका प्रसिद्ध नायिकेचा जनक म्हणूनही ओळखला जातो. त्याने स्वतः कोणतीही प्रश्नावली तयार केली नव्हती. ती त्याच्या मांडणीवरून इतरांनी नंतर तयार केली, आणि तीही मुख्यतः कारखान्या-कचेऱ्यांत माणसे निवडण्यासाठी. त्यानंतर गॅरी स्मॉली आणि जॉन ट्रेंट या अमेरिकन कुटुंब-समुपदेशकांनी चार स्वभावांना सिंह, पाणमांजर, गोल्डन रिट्रीव्हर जातीचा कुत्रा आणि बीव्हर अशी नावे दिली, ती घरातल्या माणसांना एकमेकांशी बोलणे सोपे जावे म्हणून. गरुड, मोर, पारवा आणि घुबड ही याच घराण्यातली दुसरी पाती. म्हणजे वैद्यकातून नोकरभरतीत, तेथून घरगुती समुपदेशनात आणि तेथून आमच्या सहावीच्या वर्गात असा हा प्रवास आहे, आणि या वाटेवर कोठेही अकरा वर्षांच्या मराठी मुलांसाठी ही प्रश्नावली कोणी तपासून घेतल्याचे मला आढळले नाही.

आपल्याला यात परके असे काही वाटायचे कारण नाही. पत्रिका जुळवताना जे छत्तीस गुण पाहतात त्यांपैकी चार गुण योनीचे असतात. जन्मनक्षत्रावरून प्रत्येकाला चौदा प्राण्यांपैकी एक मिळतो. अश्विनीला घोडा, भरणीला हत्ती, आश्लेषाला मांजर, मघाला उंदीर. आमच्या लग्नाच्या वेळी माझे नक्षत्र मांजराचे आणि पत्नीचे उंदराचे निघाले होते, त्यामुळे गुरुजींनी बराच वेळ मान हलवली होती. लग्नाला आता सोळा वर्षे झाली. कोण कोणाला खातो याचा निकाल अद्याप लागलेला नाही. निदान पत्रिकेतला प्राणी घरात कोणी छातीवर लावून फिरत नाही.

आता मोजण्याविषयी. आमच्याकडे एखादा शाफ्ट पंचवीस मिलिमीटर व्यासाचा हवा असतो आणि त्यात दोन शतांश मिलिमीटर इकडे-तिकडे चालते. तो मोजायला कोणी दोन शतांश लीस्ट काउंटचा, म्हणजे त्याहून लहान फरक न दाखवणारा, व्हर्निअर घेऊन आला तर त्याला परत पाठवतात आणि मायक्रोमीटर आणायला सांगतात, कारण जेवढा फरक पाहायचा तेवढीच ज्याची नजर जाड, ते हत्यार त्या कामाचे नाही. शाफ्ट चांगला की वाईट हा प्रश्न त्यानंतरचा. मायक्रोमीटरवरही कॅलिब्रेशनचे चालू तारखेचे स्टिकर असावे लागते. तेवढ्यानेही भागत नाही. दहा नग घ्यायचे, तीन माणसांनी प्रत्येक नग दोन किंवा तीन वेळा मोजायचा, आधीचे आकडे कोणाला दिसू द्यायचे नाहीत, आणि मग पाहायचे की तोच माणूस तोच नग पुन्हा मोजताना तेच सांगतो का, आणि एकाने सांगितलेले दुसऱ्याशी जुळते का. याला आम्ही 'गेज आर अँड आर' म्हणतो. मोजण्यातली चूक एकूण फरकाच्या दहा टक्क्यांच्या आत असेल तर ती पद्धत चांगली, तीस टक्क्यांच्या वर गेली तर ती पद्धत बाद. नग बाद होत नाही, हे कृपया लक्षात घ्यावे. मोजमाप बाद होते, आणि त्या मोजमापावर आधी बाद केलेले सगळे नग पुन्हा तपासायला काढावे लागतात.

हीच गोष्ट मी घरी करून पाहिली. शाळेकडून कोऱ्या प्रश्नावलीची प्रत मागून घेतली (ती त्यांनी मोकळेपणाने दिली, त्याबद्दल आभार), आणि पहिल्या चाचणीनंतर सतरा दिवसांनी मुलीला पुन्हा भरायला दिली. पहिल्या वेळी तिचे गुण असे होते: घुबड सात, मोर सहा, पारवा पाच, गरुड दोन. दुसऱ्या वेळी मोर सात, पारवा सहा, घुबड पाच, गरुड दोन. वीसपैकी आठ उत्तरे बदलली होती. मग तीच प्रश्नावली 'ही मुलगी कशी वागते' म्हणून तिच्या आईने भरली, तेव्हा पारवा निघाला. मी भरली तेव्हा गरुड निघाला, कारण आमच्या घरात रविवारी काय शिजवायचे यापासून टीव्ही कधी बंद करायचा इथपर्यंत सगळे हुकूम तिचेच असतात. एक नग, तीन मोजणारे, चार पक्षी. एका घरातल्या एका मुलीवरून सगळी पद्धत बाद ठरवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या विभागात पहिल्याच नगाला असे आकडे आले असते तर उरलेले नऊ मोजण्याआधी आम्ही हत्यार तपासायला पाठवले असते.

उत्तरे का बदलली, हे तिला विचारले तेव्हा अकराव्या प्रश्नापाशी ती थांबली. प्रश्न होता, 'मधल्या सुट्टीत तू काय करतेस?' पर्याय होते: खेळ कोणता खेळायचा ते ठरवते, मैत्रिणींना हसवते, कोणाचे भांडण झाले तर मिटवते, एकटी वाचत बसते. पहिल्या वेळी तिने चौथ्यावर खूण केली होती. कारण विचारल्यावर म्हणाली की तिच्यासोबत डबा खाणारी मैत्रीण तेव्हा कांजिण्यांमुळे घरी होती, म्हणून ती आठ दिवस वाचत बसली होती. आता मैत्रीण आली आहे. म्हणजे आमच्या मुलीचे अबोलपण मोजले जात आहे असे शाळेला वाटत होते, तेव्हा प्रत्यक्षात मोजल्या गेल्या त्या दुसऱ्याच मुलीच्या कांजिण्या.

दुसरी अडचण आकड्यांची आहे. सात आणि सहा यांच्यात एका उत्तराचा फरक असतो. त्या एका उत्तरावर एक मूल घुबड ठरते, दुसरे मोर ठरते, आणि बिल्ला लावल्यानंतर ती दोघे दोन वेगळ्या जातींची दिसू लागतात. वर्गातल्या मुलांची उंची मोजली तर बहुतेक मुले मधल्या उंचीच्या आसपास असतात आणि फार उंच वा फार बुटकी थोडीच निघतात. बोलकेपणा, नेटकेपणा, सहनशीलता यांचेही तसेच आहे. म्हणूनच आजचे मानसशास्त्र माणसांचे प्रकार पाडण्यापेक्षा प्रत्येक गुण कमी-अधिक प्रमाणात किती आहे ते पाहते. मधोमध रेघ मारून अलीकडच्यांना एक नाव आणि पलीकडच्यांना दुसरे नाव दिले की रेघेला टेकलेल्या दोन मुलांमध्ये, जी एकमेकांसारखीच आहेत, सर्वांत मोठा फरक पडल्यासारखे दिसते.

खरी चाचणी तयार करायला काय कष्ट पडतात, याचे उदाहरण आपल्याच भागातले आहे. पॅरिसमध्ये १९०५ साली बिने आणि सिमाँ यांनी मुलांसाठी बुद्धिमापनाची चाचणी तयार केली. ती जशीच्या तशी भाषांतर करून आपल्या मुलांना देता आली असती. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तसे केले नाही. मराठी आणि कन्नड मुलांना प्रत्यक्ष प्रश्न देऊन, कोणत्या वयाचे मूल काय सोडवू शकते हे पाहून, त्यांनी चाचणी नव्याने प्रमाणित केली आणि तिला बिने-कामत असे जोडनाव मिळाले. त्या चाचणीच्याही मर्यादा आहेतच. पण भाषा बदलली की प्रश्न बदलतो, एवढे तरी त्यांनी गृहीत धरले होते.

पक्ष्यांच्या बाबतीत तेवढेही झालेले नाही. इंग्रजीत घुबड शहाणे असते, मराठीत ते 'घुबडासारखा काय बसलायस' या वाक्यात असते. लक्ष्मीचे वाहन म्हणून त्याची पूजा होते हे खरे, पण लक्ष्मी वर बसलेली असताना. ते एकटेच संध्याकाळी छपरावर येऊन बसले तर आमच्या सासूबाईंच्या गावात अजूनही लोक त्याला हाकलतात. माझ्या भाच्याच्या शाळेत अमेरिकन चौकडी होती. गोल्डन रिट्रीव्हरचे मराठीत काय करायचे, हा प्रश्न तेथील मॅडमना पडला असणार, कारण 'कुत्रा' ही आपल्याकडे शिवी आहे. शेवटी त्यांनी 'इमानी श्वान' असे लिहिले आणि मुलांनी मधल्या सुट्टीपर्यंत त्याचे जे व्हायचे ते केले. भाच्याला बीव्हर मिळाले. तो प्राणी त्याने चित्रातही पाहिला नव्हता. 'धरण बांधणारा मोठा उंदीर' असे मॅडमनी समजावल्यावर वर्गाने त्याला उंदीर म्हणायला सुरुवात केली, ती अजून थांबलेली नाही.

आणि खुद्द प्राणी तरी ठरवून दिलेल्या स्वभावाचे कोठे असतात? बिबट्या म्हणजे दाट जंगलातला एकलकोंडा, असे आम्ही लहानपणी शिकलो. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासातून बिबटे उसाच्या शेतांत, माणसांच्या वस्तीला लागून राहतात हे समोर आले. आपल्या निफाड-सिन्नरच्या शेतकऱ्याला ते अभ्यासाशिवायही माहीत आहे. गव्हाणी घुबड रात्रभर शेतातले उंदीर वेचते, त्याच्याइतका कामसू सालगडी मिळायचा नाही. पंचतंत्रातला पिंगलक हा वनाचा राजा, सिंह. पण यमुनेवर पाणी प्यायला गेला असता संजीवक नावाच्या बैलाचे हंबरणे ऐकून तो इतका घाबरला की पाणी न पिताच मागे फिरला. विष्णुशर्म्यापुढेही तीन विद्यार्थीच होते, तिघेही राजपुत्र आणि अभ्यासात मागे पडलेले. त्याने त्यांना सिंह, कोल्हा, बैल, ससा, कावळा सगळ्यांच्या गोष्टी सांगितल्या. 'तू सिंह आहेस आणि तू कोल्हा' असे त्याने कोणालाही सांगितले नाही.

इतके असूनही बिल्ल्यावरचे वर्णन मुलांना आणि पालकांना पटते, हे मी नाकारत नाही. मलाही पहिल्या दिवशी पटले होते. 'घुबड पटकन मैत्री करत नाही, पण एकदा केली की टिकवते' हे वाक्य वाचून मी पत्नीला म्हणालो की बघ, अगदी हिचेच आहे. मग शंका आली म्हणून मोराच्या बिल्ल्यामागचा मजकूर मी मुलीला घुबडाचा म्हणून वाचून दाखवला. तिने तीनपैकी दोन वाक्यांना मान डोलावली. हे नवे नाही. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुमचे स्वभाववर्णन' म्हणून एक कागद दिला. वर्णन कितपत जुळते याला त्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सर्वांना दिलेला कागद एकच होता, आणि त्यातली बरीच वाक्ये त्याने बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. आमच्या लहानपणी पहाटे हातात कंदील घेऊन पिंगळा यायचा. त्याला पिंगळा पक्ष्याची भाषा कळते असे मोठी माणसे सांगत. 'मन मोठं आहे, पण हाती पैसा ठरत नाही' असे तो आमच्या दारात म्हणायचा आणि आजी सुपातून धान्य आणून घालायची. शेजारच्या दारात तो तेच म्हणायचा, हे आम्ही मुले भिंतीआडून ऐकत असू. पण पिंगळा पहाटे येऊन सूर्य उगवायच्या आत निघून जायचा. बिल्ला वर्षभर राहतो.

राहिल्याने काय झाले ते सांगतो, कारण माझे पत्र लिहिण्याचे कारण तेच आहे. जुलैमध्ये गोदावरीच्या स्वच्छतेवर गटप्रकल्प होता. गरुडांना गटप्रमुख केले, मोरांना सादरीकरण दिले, पारव्यांना साहित्य गोळा करायला सांगितले आणि घुबडांना तक्ते भरायला बसवले. रामकुंडावर जाऊन कोणी काय विचारायचे, हे आमच्या मुलीने घरी वहीत लिहून ठेवले होते; ते प्रश्न तिने मोर झालेल्या मुलीला देऊन टाकले. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात तिने एका नाटुकल्यात भूमिका केली होती. या वर्षी सूत्रसंचालनासाठी नावे मागवली तेव्हा तिने दिले नाही. का, असे विचारल्यावर म्हणाली, "ते मोरांचं काम असतं, बाबा." तिच्या आवाजात दुःख नव्हते, तक्रारही नव्हती; उद्या कोणता वार आहे ते सांगावे तसे तिने सांगितले, आणि मला त्याचेच वाईट वाटले. आमच्याच सोसायटीतला, तिच्याच वर्गातला एक मुलगा क्रिकेट खेळताना बाद दिला की बॅट सोडत नाही. कोणी समजावले की म्हणतो, "मी गरुड आहे, मला कोणाचं ऐकायला जमत नाही." त्याचे चुकीचे वागणे आता त्याचा गुण झाले आहे, आणि त्यावर शाळेचा शिक्का आहे.

ऑगस्टच्या पालकसभेत वर्गशिक्षिका मला म्हणाल्या, "ती घुबड आहे ना, त्यामुळे गटात तिला थोडं जड जातं." बाई मनाने फार चांगल्या आहेत आणि मुले त्यांच्यावर जीव टाकतात. मी घरी येऊन पाचवीचे प्रगतिपुस्तक काढले. त्यात मागच्या वर्षीच्या बाईंनी वर्णनात्मक नोंदीच्या रकान्यात लिहिले आहे: 'गटात इतरांना समजावून सांगते. घाईत लिहिताना काना-मात्रा चुकवते. वजाबाकीत हातचा विसरते, पण चूक स्वतः शोधते.' ही तीन वाक्ये लिहायला त्या बाईंनी वर्षभर तिच्या वहीत आणि तिच्या तोंडाकडे पाहिलेले आहे. यातले प्रत्येक वाक्य दुसऱ्या कोणी तपासून खरे की खोटे ते सांगू शकतो, यातल्या दोन गोष्टी पुढच्या वर्षी सुधारू शकतात, आणि एकही गोष्ट छातीवर लावून फिरण्याजोगी नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आपल्याकडे हा रकाना आधीपासून आहे. तो कित्येकदा मार्गदर्शिकेतल्या तयार वाक्यांनी भरला जातो, 'अभ्यासात नियमित आहे', 'वर्गात शांत बसतो' वगैरे, आणि त्यामागे शिक्षकांवर असलेला कागदांचा भार आहे हेही आम्हा पालकांना दिसते. पण हत्यार घरात आहे. ते बोथट झाले म्हणून बाहेरून खेळण्यातले आणायचे, हा त्यावरचा उपाय नव्हे.

शिक्षकाच्या मनात बसलेले नाव मुलावर काय परिणाम करते, याचा एक जुना प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी अध्यापन पदविकेत वाचला असेल. रॉबर्ट रोझेन्थल आणि लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत चाचणी घेतली आणि सुमारे वीस टक्के मुलांची नावे शिक्षकांना देऊन सांगितले की ही मुले या वर्षी झपाट्याने पुढे येतील. नावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काढलेली होती. वर्षअखेरीस, विशेषतः पहिली-दुसरीत, ती मुले खरोखरच पुढे गेलेली दिसली. हे निष्कर्ष १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले आणि परिणाम वाटला तितका मोठा नसतो असे अनेकांचे म्हणणे आहे, ते मी मान्य करून चालतो. परंतु तेथे नाव फक्त शिक्षकांना माहीत होते. आपण ते मुलाला, वर्गाला, रिक्षावाल्या काकांना आणि आजीलाही दाखवतो आहोत.

बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यातील कलम २९ मूल भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त राहावे आणि त्याला आपले म्हणणे मोकळेपणाने मांडता यावे, असे सांगते. बिल्ल्याने त्या कलमाचा भंग होतो, असे म्हणण्याइतका मी वकील नाही. मात्र ज्या शाळांत ही प्रश्नावली मोबाइलवरील एखाद्या ॲपवर भरून घेतली जाते, त्यांनी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा एकदा वाचावा; अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी त्यात पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीची अट आहे. आमच्याकडून तरी कोणी सही घेतली नव्हती.

माझी आपणांस विनंती अशी आहे. ज्यांनी हा उपक्रम केला आहे त्यांनी बिल्ले काढावेत, आणि बसण्याच्या जागा, गट, प्रकल्पातील कामे किंवा स्नेहसंमेलनातल्या जबाबदाऱ्या या पक्ष्यांवरून ठरवणे थांबवावे. ही एक गोष्ट उद्याच करता येण्याजोगी आहे आणि तिला एक रुपया लागत नाही. मुलाच्या कोणत्याही नोंदीत, प्रगतिपुस्तकात किंवा पुढच्या वर्गशिक्षकांना द्यायच्या यादीत प्राण्याचे नाव जाऊ नये. ज्यांना हा उपक्रम चालू ठेवायचाच आहे त्यांनी आधी त्याच मुलांना तीच प्रश्नावली तीन आठवड्यांनी, पहिले निकाल न दाखवता, पुन्हा भरायला द्यावी आणि किती मुलांचा पक्षी बदलतो ते पालकसभेत सांगावे. बदलत नसेल तर मी माझे म्हणणे जाहीरपणे मागे घेईन.

खेळ म्हणून प्राणी वर्गात आणायला माझा विरोध नाही, उलट तो तास मुलांना किती आवडला होता हे मी वर लिहिलेच आहे. फक्त प्रश्न थोडा फिरवावा. 'तू कोण आहेस' असे न विचारता 'आज गणिताच्या तासाला तू कोण होतास, आणि खो-खोच्या वेळी?' असे विचारावे. आमच्याकडे हा प्रयोग रात्रीच्या जेवणाच्या वेळी गेले दोन आठवडे चालू आहे. परवा मुलगी सकाळी कासव, इंग्रजीच्या तासाला पोपट आणि व्हॅनमध्ये मुंगूस होती. मी दिवसभर बैल होतो, असे तिच्या आईने परस्पर जाहीर केले.

फेरचाचणीचे आकडे मांडायला मदत लागली तर मी करीन. आमच्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते आणि आपल्या शाळा शनिवारी सकाळी भरतात. कोणत्याही माध्यमाच्या, कोणत्याही भागातल्या शाळेने बोलावल्यास मी सकाळच्या सत्रात येईन; प्रश्नावलीच्या झेरॉक्सचा खर्च माझा. नावे नकोत, हजेरी क्रमांक पुरे.

आपला विश्वासू,
सहावीतल्या एका मुलीचा पालक,
इंदिरानगर, नाशिक.

ता. क.: हे पत्र मुलीला वाचून दाखवले, तेव्हा तिने एक चूक काढली. तिच्या म्हणण्याप्रमाणे बिल्ल्यावरच्या पक्ष्याला सरसकट घुबड म्हणणे बरोबर नाही. अंगावर पांढरे ठिपके आहेत आणि डोक्यावर कानांसारखे तुरे नाहीत, म्हणजे तो पिंगळा आहे. मी खणातून बिल्ला काढून पाहिला. तिचे बरोबर आहे.